दोन पाद्री, एक झगा

हॅनोव्हरच्या शनिवारच्या जुन्या बाजारात एक आजोबा तीनशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली माणसांची चित्रं विकतात. विकतात म्हणजे, गिऱ्हाइकाच्या हाती भिंग देऊन तासभर शिकवतात. एकदा त्यांनी आमच्यापुढे दोन पाद्री मांडले. झगा, पुस्तक, बोटं अगदी तीच, डोकी मात्र वेगळी.

"पहिला वारल्यावर कारागिरानं पत्र्यावरचं त्याचं डोकं घासून दुसऱ्याचं कोरलं," आजोबा म्हणाले.

बायको मला म्हणाली, "अहो, लग्न ठरवताना आमच्याकडे पाठवलेल्या फोटोतला तुमचा कोटही स्टुडिओवाल्याचाच होता ना?"

आम्ही दोघं हसलो, तेव्हा आजोबांना हसण्याचं कारण हवं होतं. तिनं ते जर्मनमधून सांगितलं. त्यांनी मला भिंगातून न्याहाळलं आणि तिला गंभीरपणे विचारलं, "आल्झो, म्हणजे डोकं तरी ह्यांचंच होतं?"

उत्तर देण्याआधी तिनं त्यांच्या हातातलं भिंग घेऊन मला नीट पाहिलं.