सात नंबरची डबी

अहो, असे लांब काय बसलाय? सरका जरा जवळ. पेपरातला गेलेल्या माणसाचा फोटो बघायचा, ‘अरेरे’ म्हणायचं आणि पान उलटायचं, ही तुमची खोड मला ठाऊक आहे. आज उलटू नका.

माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला, त्याला महिना होत आला. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात मी सोल्डरिंगचे डाग देत बसले होते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरचा हमाल मोटारसायकलवरून आला तो दारातच थांबला. “आक्का, मशीन रूममध्ये अमोनिया सुटला... मिलिंददादा आत हुता...”

त्या कोल्ड स्टोरेजला मिलिंदनंच डब्या बसवल्या होत्या. थंडी किती, ओल किती, थंडावा करणारा अमोनिया गॅस सुटला का, हे सांगणाऱ्या. सगळ्या एकाच तारेवर, पण प्रत्येकीला आपला नंबर. कॉम्प्युटर नंबर घेऊन हाक मारणार, जिचा नंबर तिनंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. मी चौथी शिकलेली, मला त्यानं हे चहा पिता पिता समजावलं. मी म्हटलं, “आपल्या घरात असं असतं तर?” तर म्हणाला, “घरात तू एकटीच बोलतीस आक्का, बाकीच्यांचा नंबर लागतोय कवा?” असा होता...

आता ऐका, माझं डोकं कशानं फिरलंय. कोल्ड स्टोरेजच्या मालकाच्या गाडीचा नंबर सात, फोनच्या शेवटी सात. मशीन रूममधली गॅसची डबी महत्त्वाची, म्हणून मॅनेजरनं झाकण उघडून तिलाही सात नंबर लावला. मालकाला लाभतो म्हणे! बेदाण्याच्या खोलीत सात नंबरची डबी आधीच होती. मग हाक मारली की दोघी एकदम बोलायच्या, आणि पडद्यावर नुसता कचरा. मिलिंदनं बजावलं होतं, “मालक, नंबर म्हंजे नाव हाय. दोघींचं नाव एकच ठिवलं तर मला कुणाचं ऐकू यायचं? आदी नंबर बदला.” नंबर बदलला नाही. त्यांनी मशीन रूमच्या डबीची वायरच काढून टाकली. पडदा स्वच्छ झाला, सगळे खूश! मिलिंदला कुणी सांगितलंही नाही. त्या दिवशी तो तिथं दुसऱ्याच कामाला गेला, पडद्यावर गॅसची खूण नाही बघून निर्धास्त आत शिरला.

मिलिंदच्या जलदानाच्या विधीला मालक हार घेऊन आला. चार लोकांत म्हणाला, “काय करणार, त्याच्याच यंत्रानं त्याला दगा दिला.” मी उठले. “आवं मालक, वायर कुणी काढली?” तो हार हातात धरून आपल्या चपला शोधायला लागला. पण बोलून गेला ते गावोगाव पसरलंच. आता तासगाव-मिरजेकडचे लोक मिलिंदनं त्यांना बसवून दिलेल्या डब्या परत आणून देतात. तोंड वर करून म्हणतात, “नको आक्का, भ्या वाटतंय.” भीती वाटायचीच तर त्या सात नंबरवाल्यांची वाटू द्या की!

वर्कशॉप मी बंद केलेलं नाही. परत आलेल्या सगळ्या डब्या मी पुन्हा एका तारेवर जोडल्यात. रोज सकाळी एकेकीला हाक मारते, एकेक ओ देते. या, स्वतः हाक मारून बघा. दोघींना एक नंबर द्या, काय होतं तेही बघा. मग माझ्या भावाला काय म्हणायचं ते म्हणा. सवडीनं नको... याच आठवड्यात या. चहा ठेवते.