फाट्यावरचा खांब

आमच्या मोटारसायकलवाल्यांच्या गटाचा एक नियम आहे. रविवारी सकाळी सोलापुरातून गाड्या निघाल्या की वाट माहीत असलेला सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मुरलेला सगळ्यात मागे. वळण आलं की एकाने तिथं थांबायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वाट दाखवायची. त्याला आम्ही खांब म्हणतो. शेवटची गाडी येईपर्यंत खांबाने हलायचं नाही.

त्या दिवशी पुणे रस्त्यावर, धरणाकडे वळणाऱ्या फाट्यावर मी खांब होतो. आणि शेवटच्या गाडीवर मागे माझे वडील होते.

अण्णांनी जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात माग चालवले. त्यावर मी मोहोळच्या शाळेतून पुढं शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, पॉलिटेक्निकात शिकवायला लागलो. मग एक जुनी अमेरिकन क्रूझर घेतली. या गाड्यांचे बाकीचे मालक माझ्यापेक्षा मोठ्या घरचे, पण त्यांनी मला कधी वेगळं धरलं नाही. धरणाकाठी चिलापी मासे खायला जायचं ठरलं, तेव्हा अण्णाच म्हणाले, "मी बी येतो की." आई माझ्या गाडीला म्हैस म्हणते. ती दारातून ओरडली, "बापाला त्या म्हशीवर बसवू नको!"

तशी वेळच आली नाही. आधीच्या मालकाने माझ्या गाडीची मागची सीट काढून टाकली होती. डॉक्टरांच्या गाडीला मात्र मागे टेकायलासुद्धा होतं. हे डोळ्यांचे डॉक्टर आमच्यात सगळ्यात जुने, म्हणून नेहमी शेवटी. अण्णांचा मोतीबिंदू त्यांनीच काढला होता. अण्णा माझे कॉलेजातले स्पोर्ट शूज घालून, देवळात बसावं तसे त्यांच्या मागे बसले.

फाट्यावरून आमच्या सगळ्या गाड्या गेल्या. डॉक्टर आले नाहीत.

सुरुवातीला वाटलं, सिग्नलला अडकले असतील. मग आठवलं, या रस्त्यावर सिग्नल नाही. फोन लावला. वाजत राहिला. हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा लावला. अण्णांचा फोन घरीच चार्जिंगला होता.

एवढ्यात सोलापूरच्या बाजूने एक दूधवाला आला आणि माझी गाडी बघून थांबला. या गाडीपुढे कुणी थांबलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"किती देती?"

"लिटरला वीस."

"वीस? मग ट्रॅक्टर काय वाईट हाय?"

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मागं अशीच एक काळी गाडी दिसली का?"

"व्हय की. पुलाच्या अलीकडं उबी हाय. एक म्हातारं खाली बसलंय."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजे खाली, मातीत. दुसरा त्याच्या पायाशी वाकलाय."

गाडी सुरू केली, परत बंद केली. मधे दुभाजक. मागं जायचं तर पुढं दुभाजक तुटतो तिथपर्यंत जाऊन उलट्या बाजूने यायचं. तेवढ्यात ते इकडून निघून गेले तर? सरळ पुढं गेले तर? आणि मी इथंच उभा राहिलो आणि तिथं अण्णांना काही झालं असलं तर? आईचा आवाज कानात घुमत होता.

"कोन हाय तुमचं?" दूधवाल्याने विचारलं.

"वडील."

"मग हितं काय करताय?"

मी नियम सांगितला. सांगतानाच तो मला खुळचट वाटला. दूधवाला मात्र गाडी स्टँडला लावून शेजारी उभा राहिला. "जावा तुमी. खांब मी हुतो. हात कुनीकडं करायचा तेवढं सांगा."

मी त्याला हात कुठं करायचा ते दाखवत होतो, तेवढ्यात ओळखीचा धपधप आवाज आला. डॉक्टरांचा दिवा. त्यांच्या पाठीमागे अण्णा, ताठ. उजव्या पायात नुसता मोजा, आणि हातात बूट.

"काय झालं?" मी जवळजवळ ओरडलोच.

डॉक्टर हेल्मेट काढून हसायला लागले. "अरे, जळका वास यायला लागला. मला वाटलं, क्लच गेला. दोनदा थांबून गाडी तपासली. हे दोन्ही वेळा म्हणाले, काय न्हाय, काय न्हाय. तिसऱ्यांदा बघतो तर यांचा बूट सायलेन्सरला चिकटलेला! नाडी सोडून पाय बाहेर काढला, खाली बसवून बघितला."

त्या चकचकीत नळीलाच अण्णा पायदान समजले होते. मी वाकून मोजा काढून बघितलं. तळवा थोडा लाल होता, बाकी काही नाही. मग मात्र मला राग आला.

"अण्णा, बोलायचं नाही का?"

"काय बोलू? एवढ्या मोट्या मानसाला गाडी थांबवा म्हनू?" ते खाली बघत म्हणाले. "त्यात गाडी बी खराब झाली त्यांची."

"गाडीचं सोडा हो, अण्णा," डॉक्टर म्हणाले. "पाय दुसरा कुठून आणू? मला फक्त डोळे बसवता येतात."

दूधवाला हसला आणि किक मारून निघून गेला. त्याचे आभार मानायचे राहिले.

चिलापी कशी होती, मला आठवत नाही. मी टेबलाखाली अण्णांचा पाय बघत होतो. जन्मभर हा माणूस कुणाला थांबा म्हणाला नाही. मुकादमाला नाही, एसटीच्या कंडक्टरलाही नाही. घर मागं गेलं तरी स्टँडवरच उतरून मागं चालत यायचा. पाय भाजला तरी तो बोलणार नाही, आणि मी त्याला या गाड्यांवर आणलं होतं.

परतीला मी डॉक्टरांच्या गाडीच्या अगदी पुढं होतो. रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होतो. मोहोळच्या अलीकडे आरशातला दिवा बारीक व्हायला लागला. बाजूला गेला. थांबला.

मी गाडी कडेला घेतली आणि हेल्मेटसकट मागं पळत सुटलो. पोचलो तेव्हा डॉक्टर गाडीवरच बसलेले होते आणि अण्णा दोन्ही पाय हवेत धरून समोरच्या टपरीकडे बोट दाखवत होते.

"काय झालं?" मला धाप लागली होती.

"काय न्हाय," अण्णा म्हणाले. "डाक्टरांना म्हनलं, थांबा जरा. चहा घिऊ की."