नापासराव आणि डॉक्टरांच्या गाडीचा मागचा दिवा

नापासरावांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. गाडी चालवण्याचं लायसन्स देणाऱ्या कचेरीत ते सत्तावीस वर्षं परीक्षक होते. म्हणजे मैदानावर उमेदवाराच्या शेजारी बसायचं, मांडीवर चिठ्ठ्यांचं पॅड ठेवायचं आणि त्याचं काय चुकतंय याची वाट बघायची. वाट फार बघावी लागत नसे. शंभरातले सत्तर तरी नापास होऊन घरी जात आणि तेही पायी, कारण नापास झालेल्याने सात दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही हा कचेरीचा नियम. एकदा तर त्यांनी आपल्याच वरिष्ठांना आरशात न बघितल्याबद्दल घरी चालत धाडलं होतं. बायकोला तीनदा नापास केलं. त्यानंतर तिने त्यांच्या कचेरीत अर्ज भरला नाही आणि घरात तो विषय काढायचा नाही, असं न बोलताच ठरलं. नापासरावांना मात्र त्याचा अभिमान. "घरचं माणूस म्हणून सोडलं असं म्हणायला कुणाला जागा नाही," असं ते चारचौघांत सांगत, आणि बायको तेवढ्यात उठून पाणी आणायला जात असे.

तर अशा माणसाने एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला, स्वतःच्या इमारतीच्या आवारात, गाडी मागे घेताना शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या उभ्या गाडीचा मागचा दिवा फोडला.

दुसरा कुणी असता तर आधी इकडेतिकडे बघितलं असतं. मग उभ्या गाडीलाच चार शब्द सुनावले असते. नापासराव खाली उतरले, काचा बघितल्या, खिशातून पॅड काढलं आणि उभ्याउभ्या लिहिलं, 'मागे पाहिले नाही. नापास.' तारीख घातली, सही केली, वरची चिठ्ठी फाडून स्वतःच्या पाकिटात ठेवली, कार्बनची प्रत पॅडात राहू दिली आणि गाडीला कुलूप लावलं. गाडी जिथे होती तिथेच राहिली, म्हणजे डॉक्टरांच्या गाडीला आडवी.

डॉक्टर किल्ली फिरवत आले आणि थबकले.

"दिव्याचं जाऊ दे हो," ते म्हणाले. "दिवाच तो. तुमची गाडी तेवढी पुढे घ्या, दहाला एकाची दाढ काढायचीय."

"घेता येणार नाही. मी नापास झालोय."

"कशात?"

नापासरावांनी चिठ्ठी दाखवली. डॉक्टरांनी अक्षर लगेच ओळखलं, त्यांच्याकडे तसल्या तीन होत्या. "अहो, मग किल्ली द्या, मी घेतो पुढे."

"तुम्ही? तुम्हाला चौथ्या वेळेस पास केलंय मी, डॉक्टर. आणि तेही मनाविरुद्ध."

डॉक्टर भला माणूस. वाद घालण्यात दाढ आणखी सुजेल असा विचार करून ते पायी निघून गेले. हे सगळं नापासरावांची बायको वरच्या गॅलरीतून कपडे वाळत घालताना बघत होती. तिने एक टॉवेल तीनदा झटकला.

आता खरी पंचाईत पुढेच होती. विमा कंपनीला अपघात कळवायचा तर तीन दिवसांच्या आत, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आणि परीक्षकाच्या नावावर अपघाताची नोंद झाली की विमा कंपनीचं पत्र कचेरीत येणार, आणि पत्र आलं की त्याला मैदानावरून उचलून फोटोच्या खिडकीत बसवणार हेही ठरलेलं. 'हनुवटी वर. डोळे उघडे. पुढचा.' निवृत्तीला दोन वर्षं होती, ती सगळी दुसऱ्यांच्या हनुवट्यांवर जाणार. नापासरावांचा त्या मैदानावर जीव होता. पांढऱ्या पट्ट्या, ठोकर खाऊन वाकडे झालेले खांब, घामेजलेले उमेदवार हे सगळं त्यांना आवडायचं, आणि ते सुटणार या विचाराने त्यांना रडू येत होतं.

"डॉक्टर जाऊ दे म्हणाले ना?" बायको म्हणाली. "नवा दिवा बसवून द्या आणि मोकळे व्हा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि उद्या मैदानावर कुणी म्हणालं, साहेब, कुणी बघितलं नाही, सोडा, तर काय तोंडाने नापास करू?"

"मग कळवा."

"कळवलं तर मैदानच राहत नाही."

"मग नका कळवू."

"असं कसं!"

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि घरातच चौकशी बसवली. जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या शेजारीशेजारी ठेवल्या, डावी परीक्षकाची, उजवी उमेदवाराची. डावीत बसून ते विचारत, "मागे का पाहिलं नाही?" उठून उजवीत बसत आणि म्हणत, "पाहिलं होतं, साहेब." पुन्हा डावीत. "सगळे असंच म्हणतात." दुपारपर्यंत उमेदवार रडकुंडीला आला आणि परीक्षक तर आधीपासूनच होता. बायकोने चहा आणला.

"हा कुणाचा?" नापासरावांनी विचारलं.

"जो गरम असताना पिईल त्याचा," ती म्हणाली आणि कप दोघांच्या मधोमध ठेवून गेली.

खाली डॉक्टरांची गाडी अडकलेलीच होती. ते दोन्ही दिवस पायी गेले आणि बुधवारी संध्याकाळी परतताना म्हणाले, "वहिनी, कंबर दुखायची थांबली हो. घाई करू नका म्हणावं." त्यामुळे तर नापासरावांना जास्तच अपराधी वाटलं. नुकसान झालेल्याची कंबर बरी व्हावी हे त्यांना नियमाला धरून वाटेना.

गुरुवारी दुपारी तीन वाजता विम्याचा कोरा फॉर्म टेबलावर आणि नापासराव दोन्ही खुर्च्यांवर अर्धेअर्धे. बायको समोर बसली.

"माझं नाव घाला," ती म्हणाली. "चालक म्हणून. तुमचं मैदान राहील आणि खोटंही कुणाला वाटायचं नाही. तीनदा नापास झालेली बाई गाडी काढायला गेली आणि धडकली. सगळ्यांना पटेल."

"वेडी का तू? लायसन्सचा नंबर लागतो तिथे. तो कुठून आणणार?"

ती उठली, कपाटातल्या चादरींच्या खालून एक पाकीट काढून आणलं आणि त्यातलं लायसन्स फॉर्मवर ठेवलं. फोटोत ती हसत होती. तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती, कचेरी तिच्या धाकट्या बहिणीच्या गावातली.

"पहिल्या फटक्यात?" नापासरावांनी विचारलं.

"पहिल्या फटक्यात. तिथल्या साहेबांनी विचारलं, कुणी शिकवलं इतकं चांगलं. मी म्हटलं, नवऱ्याने."

"आणि मला नऊ वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? तुमचा निकाल चुकला असता. तुम्हाला सोसलं नसतं ते."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सहज म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. नापासरावांनी लायसन्स उलटसुलट करून बघितलं. कोरं करकरीत, एका चुकीची नोंद नाही, आणि तेच ती त्यांच्यासाठी डागाळायला निघाली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की काही क्षण कुठल्याच खुर्चीत बसवेना. त्यांनी लायसन्स तिच्या हातात परत दिलं, पेन घेतलं आणि फॉर्म भरायला बसले. चालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. सोमवारपासून खिडकी, हे आता ठरलं. मग खाली आणखी बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

सात दिवस पुरे झाले नव्हते म्हणून गाडी बायकोने काढली. तिने ती आडवी गाडी दोन वळणांत सरळ केली, डॉक्टरांची वाट मोकळी केली आणि रस्त्याला लागली. शेजारी बसलेल्या नापासरावांचा उजवा पाय सवयीने नसलेला ब्रेक दाबायला उचलला गेला, पण सगळ्या रस्त्यात दाबावा लागला नाही. विम्याच्या ऑफिसासमोर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत तिने एका झटक्यात मागे घेऊन गाडी लावली.

"छान लावलीस," ते म्हणाले.

"चला, पाच वाजतील," ती म्हणाली.

टेबलामागच्या बाई फॉर्म भराभर वाचत गेल्या. दिवा, वेळ, ठिकाण, कारण. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. तिथे छापील प्रश्न होता, 'यापूर्वी चालकाच्या हातून कुणाचे नुकसान झाले असल्यास तपशील द्यावा.' बाईंनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं.

"'पत्नीचे. बारा वर्षांपूर्वी, परीक्षेच्या मैदानावर, तिसरी चाचणी. एकही चूक नव्हती. लोक काय म्हणतील या भीतीने नापास केले.' साहेब, हे काय लिहिलंय?"

"विचारलंय तेच लिहिलं."

"अहो, पण हे आमच्यात बसत नाही. याची भरपाई नाही मिळत."

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही नोंद तेवढी करा."

बायको शेजारीच उभी होती. त्या तिसऱ्या वेळेला आपलं नेमकं काय चुकलं हे ती बारा वर्षं मनात आठवून आठवून बघत आली होती. कधी क्लच, कधी आरसा, तर कधी तो शेवटचा खांब. तिने नवऱ्याच्या बाहीला धरलं.

"एकही नव्हती?" तिने विचारलं.

"एकही नाही," नापासराव म्हणाले, आणि टेबलामागच्या बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला.