शनिवारच्या गजालीतली नर्सबाय

अनंतचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात भाजी घेत होतो. "मास्तर, बाय गेली... सकाळी साताक," एवढंच तो म्हणाला. अनंत म्हणजे सुलोचनाबायचा धाकटा भाऊ, कोरगावचा. तिची माझी ओळख रेडिओमुळे. आमच्या भागातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर दर शनिवारी चालू घडामोडींवर 'आठवड्याची गजाल' नावाची चर्चा लागते. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती चालवतो. त्या टेबलाशी नऊ वर्षं सुलोचनाबाय माझ्या डाव्या हाताला बसली. तिला जाऊन आता महिना उलटला. लिहायला इतके दिवस लागले, कारण तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्या एका वाक्याबद्दल लिहायचं, आणि त्या वाक्याच्या बाबतीत मी निर्दोष नाही.

ती पेडण्याकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही तिला डेंग्यूवरच्या एका चर्चेपुरतं बोलावलं होतं. पाणी साठवू नका, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. तिने शांतपणे विचारलं की नळाला दोन दिवसांआड पाणी येतं त्या घरातल्या बाईने पिंप भरून ठेवायचं नाही तर करायचं काय. डॉक्टर हसले आणि मग पिंप कशाने, कसं झाकावं हे नीट सांगू लागले. पुढच्या आठवड्यात लोक फोन करून विचारू लागले, ती नर्सबाय परत कधी येणार... ती मग कायमचीच आमची झाली. पेडण्याहून म्हापसा, तिथे बस बदलून डिचोली. बसमध्ये जे कानावर पडे तेच ती टेबलावर आणी. मांद्र्याच्या किनाऱ्यावरचा कर्कश गाण्यांचा त्रास, पोरं नाहीत म्हणून बंद पडणारी शाळा, खनिजाच्या ट्रकांची धूळ. आवाज कधी चढला नाही. ताप बघायला कपाळावर हात ठेवावा तसं बोलायची.

पाचेक वर्षांपूर्वी आम्ही डोंगर विक्रीवर चर्चा घेतली. पाहुणे होते एक वकील आणि पंचायतीतले एक गृहस्थ. दोघांचाही राग बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांवर. सुलोचनाबाय त्या दिवशी गप्पच होती. शेवटी मी तिचं नाव घेतलं. "भायल्यांनी घेतलो म्हणतात," ती म्हणाली, "पण विकलो कोणी? कोरगावचो आमचो काजूचो डोंगर माझ्या भावान विकलो. त्या कागदार माजी सही आसा. माका कोणी जबरदस्ती करूक नाय." वकिलांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

शनिवारच्या चर्चेचं ध्वनिमुद्रण नेहमी गुरुवारी होई. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "मास्तर, तेवढा वाक्य काढूक येतला? अनंताक वाईट दिसतला." काढणं अगदी सोपं होतं, दोन मिनिटांचं काम. पण मी मास्तर पडलो. इतकं खरं आपल्या टेबलावर आजवर कोणी बोललं नाही, ते काढलं तर उरलेली चर्चा पोकळ होईल, असं मी तिला समजावत राहिलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमका बरा दिसता तर रवांदे." शनिवारी ते वाक्य घरोघरी गेलं.

कोरगावात देवळापाशी अनंतला चारचौघांनी हटकलं. त्याने बहिणीला निरोप धाडला, यंदा चवथीला येऊ नको. आजवर तिची एकही चवथ चुकली नव्हती. गणपतीवरची माटोळी बांधणं हे तिचंच काम. रानातली फळं, वेली कुठे मिळतात हे घरात तिलाच ठाऊक. त्या वर्षी ती पेडण्यातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी आणि पत्नी तिच्याकडे गेलो. तिने एकटीपुरत्या नेवऱ्या केल्या होत्या, त्या आम्हालाच वाढल्या. चूक माझी झाली, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "सही माजी, तोंड माजा. तुमी नुसता मशीन चालयलास." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने पत्नीला विचारलं की कोरगावच्या वाटेवर यंदा माटोळीला बांधायची हरणाची फुलं दिसली का... आम्ही कोरगावावरून आलोच नव्हतो.

अशा चार चवथी गेल्या. शनिवारची गजाल मात्र तिने सोडली नाही. एकदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर चर्चा होती. मी मुद्दाम तिला काही विचारलं नाही. तिला बसपर्यंत सोडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आज माका विचारूक नाय तुमी. बरा केलास." आणि बसमध्ये चढली.

या वर्षी ती आजारी पडली, म्हापशाच्या इस्पितळात होती. एका दुपारी मी गेलो तर खाटेशी अनंत बसलेला. नात्यातल्या एका मुलीकडून कळलं म्हणून आपणहून आला होता. चमच्याने तिला पेज भरवत होता आणि दोघं वाद घालत होती, डोंगरावरच्या कुठल्या काजूच्या झाडाचे बोंडू आधी पिकतात. ती म्हणत होती पायवाटेकडचं, तो म्हणत होता झरीवरचं. ती झाडं तोडून तिथे बंगले उभे राहिले, हे तिघांनाही माहीत होतं. मी दारातूनच परतलो. त्यांच्यात माफीबिफीचं काही बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. झालं नसावं.

बाराव्याच्या दिवशी अनंत मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, मी येक शनवार चुकवूक नाय. बाय आता काय बोलतली म्हणान भंय दिसायचा. आनी ती नसली तर दीस सरायचो नाय." मग तो पंगतीत वाढायला गेला.

ते वाक्य काढायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. तिचं ऐकून आपण जमीनविक्रीचे कागद परत फिरवले, असं सांगणारे दोघेजण मला भेटले. पण त्या भावाबहिणीच्या चार चवथी मी घेतल्या, हेही तितकंच खरं.

सुलोचनाबाय ठेंगणी. तिच्या जागेवरचा माइक नेहमी खाली ओढून ठेवावा लागे. गेल्या गुरुवारी ध्वनिमुद्रणाला त्या खुर्चीवर एक उंच प्राध्यापक बसले. बसताना त्यांनी सहज हात लांबवून तो वर केला. चर्चा छान झाली. सगळे गेल्यावर मी दिवे मालवायला आत गेलो आणि आधी तो माइक परत खाली ओढला, तिच्या तोंडासमोर येईल इतका.