मामींची पारख आणि दोन डालगी

ही हकिगत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. आमच्या छत्रीबागेच्या गल्लीत कुणी मामींचा विषय काढला की मी चहाच्या निमित्ताने आत सटकायचो. आता डॉक्टरांनी चहाही बंद केलाय, तेव्हा सांगूनच टाकतो.

मामी आमच्या शेजारीण. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते आणि मामी अजूनही त्याच फौजेत असल्यासारख्या बोलायच्या. मिसरूडही न फुटलेल्या पिल्लाकडे बघून हा कोंबडा की कोंबडी, हे त्या छातीठोक सांगत. चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "तुरा बघा, आत्ताच लाल. पाय बघा, मुसळासारखे. काम काही नाही, पण उभा असा, जैसे उद्घाटनाला बोलावलंय." मग दुसऱ्या पिल्लाकडे वळून, "ही बघा, मान खाली घालून दाणे टिपतेय. घर हिच्याच जिवावर चालणार."

ही पारख माणसांपर्यंतही जायची. गल्लीत नवा जावई आला की त्या त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. मला एकदा म्हणाल्या, "तुमचं मात्र नक्की सांगता येत नाही, भाऊ."

मामा गेल्यापासून मामी दिवसभर कोंबड्यांशी बोलत आणि त्या उत्तरं देतात असंही सांगत. पण हे सगळं मागच्या घरातल्या शर्माजींच्या एका अटीवर चालू होतं. "मामीजी, मुर्गियाँ रखो, दिक्कत नहीं. पर जिस दिन बाँग सुनी, सब बंद." मामी म्हणाल्या होत्या, "मंजूर. माझ्या अंगणात कोंबडा आरवला तर खुराडं मी स्वतः मोडीन." म्हणून आवाज फुटायच्या आत त्या कोंबडे निवडून काढत आणि त्यांचा भाऊ ते महूला आपल्या शेतावर घेऊन जाई.

त्या दिवशी मामींनी अंगणात दोन डालगी पालथी घातली. डावीकडच्या टोपलीखाली कोंबडे, उजवीकडच्या टोपलीखाली कोंबड्या. "भाऊ, मी खजरान्याला गणपतीला जाऊन येते. भाऊराया आला की डावीकडचे देऊन टाका. बस, तोवर डालग्यांना हात लावू नका," असं सांगून त्या गेल्या.

मला वाटलं, आपल्यालाही ओळखता येतं का बघू. ताडून पाहायला मी दोन्ही डालगी एकदम उचलली. पुढच्या क्षणी सगळ्या अंगणभर पिल्लंच पिल्लं. एक तर तुळशीत चढून बसलं. मी धापा टाकत एकेक पकडलं. जे हाती लागायला त्रास देत होते ते कोंबडे, मुकाट हाती आल्या त्या कोंबड्या, असा शास्त्रीय निकष लावून डालगी पुन्हा भरली.

मामींचा भाऊ आला. "सगळे कोंबडेच ना?"

"मामींनी निवडलेत," मी म्हणालो.

एकदा निवडलं की मामी पुन्हा तपासून बघत नसत. काही आठवड्यांनी एका पहाटे मामींच्या अंगणातून फाटक्या आवाजात बाँग आली. मामी भिंतीवरून म्हणाल्या, "तिचा घसा बसलाय." दुसऱ्या दिवशी दोन आवाज आले. "सर्दी पसरतेय," मामी म्हणाल्या, पण आवाज पडला होता. तिसऱ्या दिवशी शर्माजी येऊन उभे राहिले. "मामीजी, ये कौन सी वाली मुर्गी है?"

मामी आरवणाऱ्याच्या लाल तुऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझी नजर गेली हो, भाऊ."

आणि मी काय म्हणालो? "वयाने होतं असं, मामी."

शर्माजी बिचारे म्हणाले, "अरे, रहने दो एक-दो." पण मामींनी शब्द दिला होता. संध्याकाळपर्यंत खुराडं मोडलं आणि सगळी पलटण महूला गेली.

त्यानंतर मामींनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे छान आहेत. मामींनी डॉक्टर बदलला. जन्मभर भाजीवाल्यांना दम देणारी बाई हातगाडीपाशी उभी राहून विचारायची, "भिया, हे गिलकं कोवळं आहे ना?" तो जे देईल ते घेऊन जायची.

शेवटी लेक त्यांना नागपूरला न्यायला आली. टॅक्सीपाशी मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "मामी, एक सांगायचं होतं."

"आधी हे सांगा, लेकीने बोलावलेली गाडी हीच ना? नंबर वाचा जरा. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

मी नंबर वाचला. गाडी तीच होती. मामी बसल्या आणि गेल्या. दोन हिवाळ्यांनंतर लेकीचा फोन आला, त्या गेल्याचा.

मामी, तुमची नजर गेली नव्हती. ती डालगी मी उचलली होती. मला माफ करा.