दोन रेषा, दाखवली एक

"मॅडम, जुनी विहीर पाणी फेकायला लागली," शेख फोनवर सांगत होते. "गॅस नाय, नुसतं पाणी अन् वाळू. नव्या विहिरीत पंपिंग चालू व्हतं, अन् तिथं हे असं."

मी क्रांती चौकातल्या आमच्या ऑफिसात होते. कारण मला लगेच कळलं. तरी म्हणाले, "डेटा पाठवा, बघते."

शेख आमच्याच शहरातल्या छावणी भागातले. दूर परराज्यात शेल गॅसच्या साइटवर पंपिंग सांभाळतात. मी इथे बसून मॉडेलिंग करते. शेल हा अतिशय घट्ट खडक. त्यात गॅस असतो, पण वाहत नाही. म्हणून विहीर खोल नेऊन आडवी वळवतात आणि दाबाने पाणी-वाळू घालून खडकाला भेगा पाडतात. भेगांतून रोज किती गॅस आला, त्याचे ठिपके ग्राफवर येतात. माझ्या गणिताची रेषा त्या ठिपक्यांवर बसली, की भेगांची लांबी निघते. पुढची विहीर किती अंतरावर घ्यायची, ते त्यावरून ठरतं.

गोम अशी, की सुरुवातीच्या काळात लांब भेगा आणि घट्ट खडक धरला, तरी तीच रेषा येते. आखूड भेगा आणि जरा कमी घट्ट खडक धरला, तरी तीच. मी दोन्ही मॉडेलं करून पाहिली होती. दोन्ही झकास बसली.

आमचे बॉस देशमुख सर म्हणाले होते, "दोन उत्तरं दिली तर क्लायंट म्हणेल, यांनाच काही कळत नाही. एकच दे."

"कोणतं?"

"आखूड भेगांचं. त्यांना विहिरी जवळजवळच हव्यात."

मी मुकाट्याने तेच दिलं. प्रेझेंटेशनचं कौतुक झालं, मीही खूश झाले. नवी विहीर जवळ घेतली. तिच्या भेगा जुनीच्या भेगांना जाऊन भिडल्या आणि पाणी आत घुसलं.

काही दिवसांनी शेख ऑफिसात आले. चौकशी संपेपर्यंत त्यांना घरी बसवलं होतं.

"पंप जादा मारला म्हणत्यात," ते म्हणाले. "मी बी म्हणलं, व्हय, मारला असंल. तुमची रेषा तर एकदम बरोबर व्हती."

"खडकाचा काही भरवसा नसतो, शेख," देशमुख सर म्हणाले.

आणि मी मान डोलावली. ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चहा आला. शेखांनी बिस्किटं आधी माझ्यापुढे सरकवली. मग मात्र मला बसवेना. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून दुसरं, लांब भेगांचं मॉडेल दाखवलं. त्यात पंप ठरल्याएवढाच चालवला, तरी भेगा जुन्या विहिरीपर्यंत पोचत होत्या.

"हे आत्ता केलं?"

"नाही. पहिल्याबरोबरच."

शेखांनी कप खाली ठेवला. "मॅडम, मी अब्बांना सांगून बसलो, चूक माझीच हाय. तुम्ही घरी येऊन तेवढं सांगता का?"

त्यांच्यासमोरच मी दोन्ही मॉडेलं क्लायंटला मेल केली. देशमुख सर उठून गेले. पुढे शेख कामावर रुजू झाले, आमचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. जुनी विहीर काही पुन्हा धड चालली नाही.

मेल केली त्याच संध्याकाळी मी छावणीत शेखांच्या घरी गेले. अब्बांना भेगा, खडक, रेषा, सगळं समजावलं.

"बेटी, मालूम था तो बोलना था ना," ते म्हणाले.

हल्ली मी रिपोर्टात दोन्ही रेषा देते. क्लायंट वैतागून विचारतात, यातली खरी कोणती? मी सांगते, माहीत नाही.