अण्णांच्या गोळ्या आणि माझं पारडं

ही गोष्ट मी फौजेत कुणाला सांगितली न्हाई. तुमाला सांगतो, कारण तुमी घरची माणसं आणि चहाबी तुमचाच हाय. फक्त एक कबूल करा, ऐकताना माझ्या पोटाकडं बघायचं न्हाई.

एकाहत्तरची लढाई होऊन चार-पाच वर्सं झाली हुती. मी हवालदार हुतो. नायब सुभेदारीला नाव लागलं आणि मेडिकलला घोडं अडलं. डॉक्टरसाहेब आपल्या कराडचेच. त्यांनी काट्यावर उभं केलं, तर काटा चौऱ्याऐंशीवर. म्हणले, दोन महिने रजेवर जा, आठ किलो उतरवून ये, न्हाईतर बढती विसर.

आता मला सांगा, वजन उतरवायला माणसाला घरी धाडतात व्हय? त्यातनं आमचं गाव शिराळ्याजवळ, आणि दिवस ऐन गुऱ्हाळाचे. पण हुकूम तो हुकूम.

घरात खरं बोललो न्हाई. लाज वाटली. आईनं दारातच तोंडावरनं हात फिरवला, लय वाळलास म्हणली, आणि दुधाचा तांब्या पुढं केला. आईचा शब्द कसा मोडायचा? प्यालो.

त्याच आठवड्यात अण्णा गावात आले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे तमाशातले सोंगाडे. सातारा-सांगलीत त्यांचं नाव काढलं की माणसं हसायची. स्टेजवर आधी त्यांचं पोट यायचं, मागनं अण्णा. यात्रेला गावानं त्यांची गूळतुला धरली हुती. एका पारड्यात अण्णा, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ शाळेच्या बोर्डिंगातल्या पोरांना. अण्णांचं वजन सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून घरोघरनं मागून शंभर किलो गूळ आधीच गोळा झाला हुता. यात्रेला पंधरा दिवस असताना अण्णा इसाव्याला आले आणि माझ्या वडलांची दोस्ती म्हणून आमच्या पुढच्या सोप्यात उतरले.

एस्टीतनं उतरले, तर त्यांना कुणी वळखलंच न्हाई. गाल बसलेले, सदरा खुंटीला अडकवल्यागत. आणि पोट? पोटच न्हाई.

गावाला दुसरा विषय राहिला न्हाई. कोण म्हणलं, मुंबईच्या डाक्टरनं पोट कापलं. कोण म्हणलं, सिनेमात हिरोचं काम लागलंय. पारावर सगळ्यांनी घेरलं, तर अण्णा हसून म्हणले, "काय न्हाई रं, पहाटे चालतो."

माझे कान टवकारले. म्हणलं, देवानंच गुरू धाडला. दुसऱ्या दिवशी चारला उठून बूट घालून सोप्यात बसलो. अण्णा उठले आठला. तिसऱ्या दिवशी साडेआठला. असा आठवडा गेला आणि अण्णा चालले ते फकस्त परसाकडं.

मग हे वाळले कसे? डोक्यात किडाच शिरला. पाळतीवर राहिलो. आणि एका दुपारी दिसलं. जेवायच्या आधी अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले, पिशवीतनं तपकिरी बाटली काढली, एक पांढरी गोळी तोंडात टाकली आणि बाटली परत धोतराखाली दडवली. बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला.

सापडलं म्हणलं. चालणं जगाला सांगायला, आणि गोळी स्वतःला!

सरळ विचारायचं की न्हाई? पण मग मला का पायजे तेबी सांगावं लागलं असतं. हवालदार माणूस पोटापायी गोळ्या मागतो, हे गावात झालं असतं. म्हणून अण्णा अंघोळीला गेले की मी रोज दोन गोळ्या काढायला लागलो. एक सकाळी, एक रात्री.

गुण लगेच आला. भूक अशी लागायला लागली की काय सांगू. चार भाकरीवर थांबणारा मी सातवर गेलो. बायको म्हणली, "आवं, पोटात काय शिरलंय का बघा."

मी मनात म्हणलं, तुला काय कळतंय? आतली चरबी जळती हाय, भट्टीला जळण नको? जेवलं की डोळे मिटायचे, दुपारभर घोरायचो. वाटायचं, अंग हलकं पडतंय, तवाच झोप येती. पँटीचं बटन लागेना, तर बायकोलाच बोललो, गरम पाण्यात धुऊन आटवलीस म्हणून.

तुलेच्या दिवशी मनात आलं, उद्या अण्णा जाणार, मग आपलं कसं? सकाळी बाटलीच उचलली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. अण्णा पिशवी उलटी करून शोधत हुते. मला विचारलं, तर मी न्हाई म्हणलो. शरम वाटली, पण डोळ्यांपुढं बढती हुती.

देवळापुढं गुऱ्हाळाचा मोठा काटा टांगलेला. तोलायला सखातात्या. तात्यांचा नेम असा की पारड्यात बसणाऱ्यानं खिशातली तंबाखूची चंचीसुदिक काढून ठेवायची. अण्णा मोकळ्या अंगानं बसले. गूळ चढायला लागला आणि साठ किलोवर अण्णांचं पारडं वर उठलं. चाळीस किलो गूळ खाली तसाच.

अण्णा पारड्यातनंच बोलले. "मंडळी, मी खोटं बोललो. चालत-बिलत न्हाई मी. विषमज्वरानं चार महिने हातरुणात हुतो. पोट गेलं, आणि लोक हसायचे थांबले. आजारी सोंगाड्याला खेळाची सुपारी कोण देणार, म्हणून दडवलं. डाक्टरनं भूक लागायच्या गोळ्या दिल्यात, अंग भरायला. आज ती बाटलीबी हरवली."

भूक लागायच्या!

तेवढ्यात सरपंच उठले. तुलेला काढलेला गूळ माघारी न्यायचा न्हाई, ही गावाची रीत. म्हणले, उरलेल्या गुळाला दुसरा मानाचा माणूस बसवा, आपला हवालदार देशाचा शिपाई हाय. चौघांनी मला दंडाला धरून पुढं नेलं. सखातात्यांनी हात पुढं केला. "खिसा मोकळा कर रं."

काढली बाटली. काय करणार?

अण्णांनी ती घेतली, कानापाशी हलवली. निम्मी रिकामी. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं. मला रडूच कोसळायचं बाकी हुतं. म्हणलं, "अण्णा, मला आठ किलो उतरवायचं हुतं."

अण्णा म्हणले, "मग बस की गड्या. माझं औषध कुणाला लागू पडलं ते तरी गावाला दिसू दे."

देवळापुढं जो हशा उठला! बायका पदर तोंडाला लावून वाकल्या. मी बसलो. चाळीस किलो चढला, पारडं हललं न्हाई. पाटलांच्या घरनं ढेप आणली, तरी न्हाई. शेवटी गुऱ्हाळातनं कालचा गूळ आला, तवा कुठं मी उठलो. सखातात्यांनी आकडा खणखणीत सांगितला, एक्क्याण्णव.

लोक पांगल्यावर मी अण्णांचे पाय धरले. त्यांचे डोळे भरले हुते. म्हणले, "चार महिन्यांनी माणसं हसली रं माझ्या बोलण्याला. उरल्या गोळ्या तूच ठेव." मी ठेवल्या न्हाईत, हे तेवढं लिहून घ्या.

महिन्यानं मेडिकलला उभा राहिलो. डॉक्टरसाहेबांनी काटा दोनदा बघितला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितला. म्हणले, "हवालदार, दोन महिने केलंस तरी काय?"

अण्णांनी सगळ्या गावापुढं खरं सांगितलं हुतं. मला एका माणसापुढं सांगायचं हुतं. मी सावधानमध्ये आलो, पोट जमेल तेवढं आत घेतलं, आणि म्हणलं,

"काय न्हाई साहेब, पहाटे चालत हुतो."